भाच्याला स्वतःची टीम काढायचीय, जॅक ब्रॅबमचं उदाहरण देऊन मीच अडकलोय

नंदू_कुडचडे

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय २७. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज (चिखलातली ऑफरोडिंगची स्पर्धा) पहिल्यांदा आलं २०१४ मध्ये तेव्हा हा अकरावीत होता, मीच घेऊन गेलो होतो बघायला, गुडघ्याएवढ्या चिखलात दिवसभर उभा राहिला आणि घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. तेव्हाच मला कळलं होतं की हे पोर गेलं हातातून. गेली पाच वर्षं तो ऑफरोडिंग करतो, दुसऱ्याच्या टीममधून, दुसऱ्याच्या जिप्सीवर. हात चांगला आहे. मामा म्हणून सांगत नाही, ज्यांनी त्याला सत्तरीतल्या ओहोळातून गाडी काढताना बघितलंय ते सांगतील. ॲक्सलरेटर कधी सोडायचा ते त्याला कळतं, दाबायचा कधी ते सगळ्यांनाच कळतं.

आता त्याच्या डोक्यात आलंय की स्वतःची टीम काढायची. तीन गाड्या, दोन मेकॅनिक, एक स्पॉन्सर गाठायचा, बाकीच्या दोन गाड्यांवर पोरं बसवायची आणि तिसरी स्वतः चालवायची. त्यासाठी भावोजींच्या नावावरची बागायत गहाण ठेवायची गोष्ट चाललीय आणि ताईचा मला परवा रात्री साडेदहाला फोन, तूच त्याला या नादाला लावलास आता तूच समजाव.

खरंय ते. चवथीला सगळे जमलो होतो तेव्हा मीच त्याला जॅक ब्रॅबमबद्दल सांगत बसलो होतो, की बघ, स्वतःच्या नावाची गाडी, स्वतःची टीम, आणि स्वतः चालवून वर्ल्ड चॅम्पियन. अख्ख्या फॉर्म्युला वनच्या इतिहासात हे एकाच माणसाला जमलंय. ते त्याने मनावर घेतलं. पण मला त्या माणसाची गोष्ट एवढीच माहिती आहे, मधलं सगळं माहिती नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो, ब्रॅबमने हे नेमकं केलं कसं? पैसा कुठून आणला, गाडी चालवायची आणि दुकानही सांभाळायचं हे एका माणसाला जमतं का? आणि ज्यांनी असं केलं आणि बुडाले तेही सांगा, मला त्याला दोन्ही बाजू सांगायच्यात. नुसतं नको म्हणून सांगितलं तर ऐकणार नाही आणि मलाही तसं सांगायचं नाहीये.

---

रेप्को_६२०

नंदूबाब, माझं नावच ब्रॅबमच्या इंजिनावरून घेतलेलं आहे त्यामुळे मला न बोलता राहवणार नाही, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रॅबम हा आधी मेकॅनिक होता आणि मग ड्रायव्हर. बाप सिडनीजवळ भाजीपाल्याचा दुकानदार, पोरगा बारा वर्षांचा असताना दुकानाच्या गाड्या चालवायचा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला. युद्धात हवाई दलात गेला तो विमानांचा मेकॅनिक म्हणून. त्यानंतर मातीच्या ट्रॅकवर छोट्या मिजेट गाड्या पळवल्या आणि १९५५ मध्ये इंग्लंडला पोचला. तिथे कूपर नावाच्या रेसिंग गाड्यांच्या कारखान्यात घुसला तो नुसता ड्रायव्हर म्हणून नाही, हातात पाना घेऊन. कूपरने इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकून सगळ्यांना मागे टाकलं त्या काळात हा तिथे होता, १९५९ आणि १९६० असे दोन वर्ल्ड टायटल तिथे जिंकला. १९५९ चं टायटल तर शेवटच्या रेसला, अमेरिकेत सेब्रिंगला, शेवटच्या लॅपमध्ये पेट्रोल संपलं तेव्हा उतरून गाडी ढकलत लाईनपर्यंत नेली, चौथा आला. ती रेस जिंकली त्याच्याच टीमच्या २२ वर्षांच्या पोराने, ब्रूस मॅक्लारेनने. त्या पोराने पुढे स्वतःची टीम काढली ती आजपर्यंत पळतेय.

आता तुमच्या भाच्याने नीट ऐकायचं ते इथून. ब्रॅबम दोन वेळा चॅम्पियन होता तेव्हा त्याने टीम काढली, पण एकट्याने नाही काढली. ऑस्ट्रेलियातून रॉन टॉरनॅक नावाच्या माणसाला बोलावून घेतलं. हा टॉरनॅक डिझायनर, बोलायला तुसडा, पण त्याच्या हातच्या गाड्या सरळ, मजबूत आणि दुरुस्तीला सोप्या. म्हणून त्यांच्या गाड्यांच्या नावात बीटी यायचं, बीटी३, बीटी१९, म्हणजे ब्रॅबम आणि टॉरनॅक. दोघांची अक्षरं. बोर्डावर एकाचं नाव होतं पण प्रत्येक गाडीच्या नावात दोघे होते.

आणि पैसा कुठून आला तर तो ग्रां प्रीतून, म्हणजे फॉर्म्युला वनच्या रेसमधून, नाही आला. त्यांची कंपनी फॉर्म्युला वनखालच्या ज्युनियर, एफ थ्री, एफ टू वाल्या पोरांना रेसिंग गाड्या बनवून विकायची. शेकड्यांनी विकल्या. आठवडाभर धंदा गाड्या विकायचा आणि रविवारी ग्रां प्री, असा हिशेब. ग्रां प्रीवाली गाडी १९६२ मध्ये उतरवली. टीमसाठी वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिली रेस जिंकली १९६४ मध्ये फ्रान्सला रुआँमध्ये, आणि ती मालकाने नाही जिंकली, त्याच्याकडे पगारावर असलेल्या डॅन गर्नीने जिंकली. स्वतःच्या गाडीतून मालक तशी रेस जिंकला त्याच्या दोन वर्षांनी.

१९६६ ला नियम बदलला, इंजिन दीड लिटरवरून तीन लिटर. मोठ्या टीम्स मोठ्या भारी इंजिनांच्या मागे लागल्या, कोणाचं जड, कोणाचं वेळेवर तयार नाही. ब्रॅबमने काय केलं तर ऑस्ट्रेलियातल्या रेप्को नावाच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीकडून साधंसं व्ही८ बनवून घेतलं, त्याचा ब्लॉक ओल्ड्समोबिलच्या रस्त्यावरच्या गाडीचा ॲल्युमिनियमचा. ताकदीत पहिलं नव्हतं पण हलकं होतं, आणि मुख्य म्हणजे शेवटपर्यंत चालायचं. रीम्स, ब्रँड्स हॅच, झांडफोर्ट, नुर्बुर्गरिंग, लागोपाठ चार ग्रां प्री जिंकल्या आणि त्या वर्षीचं टायटलही. पेपरवाले म्हातारा म्हणून लिहायला लागले होते (चाळीस पूर्ण झाले होते) तर झांडफोर्टला नकली लांब दाढी लावून काठी टेकत गाडीपर्यंत गेला आणि ती रेस जिंकली.

हे सगळं वाचायला गोड आहे. पण १९६७ बघा. त्या वर्षी टायटल कोणाला मिळालं तर डेनी हल्मला, त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर, जो आधी ब्रॅबमच्याच गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. नवीन पार्ट आला की मालक आधी स्वतःच्या गाडीला लावून बघायचा, तो तुटायचा, आणि हल्मच्या गाडीला जुना टिकाऊ पार्ट असायचा. मालक म्हणून बरोबर केलं त्याने, ड्रायव्हर म्हणून टायटल गेलं. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, दाढीवाली नाही.

---

वाळपईवाला

मला फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो कळत नाही पण ड्रायव्हरचा मालक झालेला माणूस आमच्या घरात आहे म्हणून लिहितो.

बाबा खाणीवर टिपर चालवायचे, दुसऱ्याचा. चौदा वर्षं. एक ॲक्सिडेंट नाही, गिअरबॉक्स कधी खाली उतरवावा लागला नाही. मालक म्हणायचा तू आहेस म्हणून माझा टिपर अजून नवा आहे. तर साहजिकच कुणीही म्हणेल तसं सगळे म्हणायला लागले, अरे दुसऱ्याचा टिपर इतका सांभाळतोस तर स्वतःचा घे. तेव्हा ट्रिपा जोरात होत्या, रस्त्याला लाल धूळ आणि रांगच रांग. २०१० मध्ये कर्ज काढून टिपर घेतला. नवा कोरा, कपाळावर सातेरी देवीचं नाव लिहून घेतलं, पहिल्या दिवशी नारळ फोडला तो मला अजून आठवतो, पाणी उडून बाबांच्या शर्टावर पडलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. पण बाबा तेव्हा रात्री झोपत नव्हते हे आईने मला नंतर सांगितलं. चौदा वर्षं संध्याकाळी किल्ली मालकाच्या हातात दिली की दिवस संपायचा, आता किल्ली उशाखाली असायची. टायर कितीला, डिझेल कुठे स्वस्त, हप्ता कितव्या तारखेला. चालवताना सुद्धा तेच डोक्यात. आणि ज्या माणसाने कधी टिपर घासला नाही त्याने स्वतःचा टिपर पिळगावच्या वळणावर घासला, थोडाच, पत्रा चेपला इतकंच, पण तो दिवस ते जेवले नाहीत.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद. पुढच्या महिन्यात कोर्टाचाही आदेश आला. टिपर काजूच्या झाडाखाली उभा. बॅटरी उतरली, टायर बसले, पावसाळ्यात हौद्यात पाणी साचून त्यात बेडूक ओरडायचे रात्री. हप्ता चालूच. नंतर मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या २०१५ ला आणि २०१८ मार्चमध्ये परत बंद. टिपर आम्ही भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात विकला.

हे सगळं सांगायचं कारण, बाबांची चूक काय झाली ते मी पुष्कळ वेळा विचार केलाय. चालवण्यात काही चूक नव्हती. एकच गिऱ्हाईक होतं, एकच रस्ता, एकच माल. तो बंद झाला की टिपर नुसता लोखंड. रेप्को साहेब म्हणतात तो ब्रॅबम आठवडाभर गाड्या विकायचा, ते वाचून मला वाटलं की हेच आमच्याकडे नव्हतं. तुमच्या भाच्याकडे दुसरा कुठला धंदा आहे का जो रेस नसतानाही चालेल? गोव्यात पावसाळा चार महिने, बाकीचे आठ महिने तीन गाड्या काय करणार? बागायत गहाण ठेवायच्या आधी हे विचारा. बागायतीत नारळ तरी पडतो.

---

फोंडेकार

वाळपईवाला, वाचून बराच वेळ गप्प बसलो.

बुडालेल्यांचं विचारलंय तर मी अलां प्रॉस्टचं सांगतो. चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन, ५१ ग्रां प्री जिंकलेला, गाडी इतकी हळुवार चालवायचा की त्याला प्रोफेसर म्हणायचे, टायर, ब्रेक, पेट्रोल सगळ्याचा हिशेब डोक्यात. म्हणजे मालक व्हायला याच्यापेक्षा लायक माणूस कोण? १९९७ च्या सीझनआधी त्याने लिजिए टीम विकत घेतली, नाव बदलून प्रॉस्ट केलं. पहिल्या वर्षी त्याचा ड्रायव्हर पॅनिसने दोन वेळा पोडियम (पहिल्या तिघांत नंबर) आणलं, मग कॅनडाला त्याच गाडीत त्याचे पाय मोडले. पुढे प्यूजोची इंजिनं आली, सगळ्या फ्रान्सच्या अपेक्षा, आणि २००० मध्ये अख्ख्या सीझनला शून्य पॉइंट. त्या वर्षाअखेर प्यूजो गेली, मोठा सिगारेटवाला स्पॉन्सर गेला, २००१ फेरारीची इंजिनं भाड्याने घेऊन कसंबसं काढलं आणि जानेवारी २००२ मध्ये टीम बंद. पाच सीझन. एकही रेस जिंकली नाही.

एमर्सन फिटिपाल्डीचंही तसंच. १९७२ आणि १९७४ चा चॅम्पियन, मॅक्लारेनसारखी जिंकणारी गाडी सोडून १९७६ ला भावाच्या टीममध्ये आला, ब्राझीलच्या साखर कारखान्यांच्या सहकारी संस्थेचे पैसे. देशासाठी म्हणून आला, मन मोठं होतं त्याचं. सगळ्यात चांगला निकाल १९७८ ला घरच्या रेसला, रिओमध्ये, दुसरा नंबर. १९८२ संपताना टीमचं शटर खाली. तो माणूस वाईट ड्रायव्हर झाला नव्हता हे कशावरून, तर त्याच्यानंतर अमेरिकेत जाऊन दोनदा इंडियानापोलिस ५०० ही तिथली मोठी रेस जिंकला, १९८९ आणि १९९३. दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर.

पण मला हे वाचताना दुसराच माणूस आठवत राहिला आणि तो आपल्या मंगेशीचा आहे. मास्टर दीनानाथ. आमच्या आजोबांनी त्यांना ऐकलं होतं, त्यांचं नाव निघालं की आजोबा पाट सोडून ताठ बसायचे. किर्लोस्कर मंडळीत हा पोरगा स्टार होता. १९१८ मध्ये बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली, अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती तेव्हा. कंपनी चालली, गाजली, पैसा आला. मग बोलपटांचा जमाना आला, नाटकाला लोक कमी व्हायला लागले, कंपनीने सिनेमात उडी घेतली आणि कर्जात गेली. १९४२ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. आवाज कुठे कमी पडला नव्हता. नाटक कंपनी म्हणजे काय, पन्नास माणसांचं दोन वेळचं जेवण, पडदे, बैलगाड्या, रेल्वेचं भाडं, थिएटरचं भाडं, आणि रात्री तोंडाला रंग लावून परत तीच तान तशीच घ्यायची जणू सकाळी सावकार दारात आलाच नव्हता. रेसची टीम आणि संगीत मंडळी यात मला काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे जो लोकांना दिसतो तो एक माणूस आणि त्याच्या मागे जेवणारे पन्नास.

म्हणून नंदूबाब, भाच्याला ब्रॅबम सांगितलात तर दीनानाथही सांगा. घाबरवायला नाही हो. त्याला कळू दे की हे आपल्या माणसांनीही केलंय आणि काय मोल दिलंय.

---

नंदू_कुडचडे

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळपईवाला, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, आमच्या कुडचड्यात असे टिपर मी रोज बघायचो रस्त्याच्या कडेला, कोणाच्या तरी उशाखाली त्याची किल्ली आहे असा विचार कधी केला नव्हता.

एक विचारतो. भाच्याने चालवणं सोडून नुसतं मालक व्हावं का मग? ते त्याला सांगायची माझी हिंमत नाही, पण तसं कोणी केलंय का, चांगला चालवत असताना सोडलंय?

---

हिशेबनीस_पर्वरी

केलंय. रॉजर पेन्स्की. अमेरिकन. चांगला ड्रायव्हर होता, जिंकत होता, आणि १९६५ मध्ये अठ्ठाविशीच्या आसपासच हेल्मेट ठेवून दिलं कारण फिलाडेल्फियात शेव्हरोलेची डीलरशिप सांभाळायची होती. एका वर्षाने टीम काढली आणि मार्क डॉनह्यूला गाडीत बसवलं, तो स्वतः इंजिनियर. १९७२ मध्ये पहिली इंडियानापोलिस ५००. २०२४ पर्यंत त्या टीमने ती रेस २० वेळा जिंकली, दुसरी कुठली टीम आसपास नाही. आणि शेवटी ज्या ट्रॅकवर ती रेस होते तो ट्रॅकच विकत घेतला, २०२० च्या जानेवारीत व्यवहार पूर्ण झाला. तुमच्या भाच्याचं वय काय म्हणालात, २७ ना.

पण पेन्स्कीच्या वाट्यालाही दुःख आलंय. १९७५ मध्ये ऑस्ट्रियाला डॉनह्यूची गाडी टायर फुटून बाहेर गेली आणि दोन दिवसांनी तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच ऑस्ट्रियात पेन्स्कीच्या टीमने त्यांची एकुलती एक फॉर्म्युला वन रेस जिंकली. मालक झालं की दुसऱ्याच्या आईचा पोरगा तुम्ही गाडीत बसवता. हे मी भाच्याला पहिलं सांगेन. आत्ता तो चिखलात उतरतो तेव्हा फक्त त्याच्या आईचा जीव टांगणीला असतो.

माझं सांगायचं तर माझे मिस्टर आणि त्यांचे तीन मित्र मिळून रॅलीची छोटी टीम चालवायचे आणि वह्या माझ्याकडे. ते बिल आणायचे खिशातून चुरगळलेलं, चिखलाने माखलेलं, त्यावर अर्धा आकडा दिसायचा. एन्ट्री फी, ट्रेलरचं डिझेल, लॉज, सहा जणांचं जेवण, टायर, एक जास्तीचा हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), परत येताना पंक्चर. पहिल्या इव्हेंटनंतर मी बेरीज केली आणि मिस्टरांना दाखवली तर ते म्हणाले यात कुठेतरी चुकलंय. चुकलं नव्हतं. स्पॉन्सरने जे दिलं होतं त्यात फक्त जेवण आणि डिझेल निघालं होतं, आणि ते पैसेही इव्हेंटनंतर तीन महिन्यांनी आले. मग मी एक नियम केला की ड्रायव्हरच्या हातात टीमचे पैसे द्यायचे नाहीत. वाईट वाटलं त्यांना, दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण कारण साधं आहे, ज्याला पुढचं वळण दिसतंय त्याला नवा शॉक ॲब्सॉर्बर नेहमीच स्वस्त वाटतो. त्या नियमावर टीम सहा वर्षं चालली आणि बंद झाली तेव्हा कोणाचं एक रुपया देणं नव्हतं. त्यातला एक मित्र अजून चालवतो.

तर प्रश्न सोडावं की नाही हा नाहीये असं मला वाटतं. गाडीत तो असताना बाहेर स्टॉपवॉच कोणाच्या हातात आहे आणि वही कोणाकडे आहे, ही दोन माणसं त्याच्याकडे आहेत का ते विचारा. ब्रॅबमकडे टॉरनॅक होता. एकटाच असेल तर एक गाडी सुद्धा जास्त आहे, तीन सोडा.

---

रेप्को_६२०

ताईंनी जे लिहिलंय त्याच्यापुढे मी काय लिहू, फक्त दोन गोष्टी राहिल्या होत्या.

एक, सगळेच मालक म्हणून बुडत नाहीत. जॅकी स्टुअर्टचं नाव कोणी घेतलं नाही. तीन वेळा चॅम्पियन, १९७३ ला थांबला तो टीममधला जिवलग फ्रांस्वा सेव्हेर प्रॅक्टिसमध्ये गेल्यावर, शंभरावी रेस न चालवताच, ९९ वर. मग वीस वर्षांहून जास्त थांबला. मुलगा पॉल छोट्या फॉर्म्युल्यांमध्ये टीम चालवायला शिकला, फोर्डची साथ पक्की झाली आणि मग १९९७ मध्ये बापलेक ग्रां प्रीत उतरले. मोनाकोला पावसात बॅरिकेलो दुसरा, १९९९ ला नुर्बुर्गरिंगला जॉनी हर्बर्ट पहिला. त्याच वर्षी फोर्डला विकून मोकळे झाले. फोर्डने तिचं जॅग्वार केलं आणि २००५ पासून तीच टीम रेड बुल म्हणून पळते, मिल्टन कीन्सलाच. प्रॉस्टच्या आणि त्याच्या टीमची सुरुवात एकाच वर्षी झाली होती हे लक्षात घ्या.

दुसरं, ब्रॅबमचा शेवट. १९७० ला ४३-४४ वर्षांचा असताना सुद्धा जिंकू शकत होता, सीझनची पहिलीच रेस जिंकला. मोनाकोला पुढे असताना शेवटच्या कोपऱ्यावर चुकला आणि रिंट नावाच्या ड्रायव्हरने रेस घेतली, आणि ब्रँड्स हॅचला शेवटच्या लॅपला पुढे असताना पेट्रोल संपलं आणि परत रिंटच. आपला वाटा टॉरनॅकला विकून सीझन संपल्यावर ऑस्ट्रेलियाला परत गेला. टॉरनॅक एकटा राहिला तर त्यालाही जमलं नाही, एका वर्षात त्याने टीम बर्नी एकलस्टनला विकून टाकली. म्हणजे डिझायनर सुद्धा एकटा पुरत नाही. त्या दोघांमध्ये काय होतं कोण जाणे पण ते दोघं होते तेव्हाच होतं.

---

नंदू_कुडचडे

उशिरा लिहितोय, माफ करा. मध्ये रविवारी ताईकडे गेलो होतो. भाच्याला हा धागा फोनवरच वाचायला दिला, मी काही बोललो नाही. तो पडवीत बसून वाचत होता, वाळपईवाल्यांचं आलं तेव्हा फोन खाली ठेवून विहिरीपर्यंत जाऊन आला आणि परत वाचायला लागला. ताई आतून बघत होती.

वाचून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला की तो टॉरनॅक बोलायला तुसडा होता म्हणजे कसा. मी म्हटलं का रे. तर त्याचा एक मित्र आहे, सावर्ड्याला गॅरेज आहे त्याचं, खाणी बंद झाल्या तेव्हा टिपरवरून जीपांच्या कामाकडे वळलेला मेस्त्री, वयाने याच्यापेक्षा पंधरा वर्षं मोठा. याची गाडी तोच बघतो आणि आल्यावर पहिलं वाक्य शिवीचं असतं, काय केलंस रे गाडीचं. टीमच्या गोष्टीत त्याला घेतलंच नव्हतं, कारण तो नको म्हणेल म्हणून.

सोमवारी आम्ही तिघे गेलो, भाचा, मी आणि भावोजी. मेस्त्री गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. भाच्याने तीन गाड्यांची गोष्ट सांगितली ती त्याने खालूनच ऐकली. बाहेर आला, हात पुसले, आणि विचारलं, हाफ शाफ्ट किती घेणार? भाचा म्हणाला म्हणजे? तर तो म्हणाला तीन गाड्यांना मागचे सहा लागतात आणि तू एका इव्हेंटला दोन तोडतोस. मग तिथेच पुठ्ठ्यावर पेनाने बेरीज केली. भावोजी पहिल्यांदा काहीतरी विचारायला लागले, टायर किती टिकतो, ट्रेलर भाड्याने मिळतो का, हे सगळं. दीड तास गेला.

ठरलं ते असं. बागायतीला हात लावायचा नाही. एकच गाडी, जुनी जिप्सी, ती भाचा आणि मेस्त्री अर्धी अर्धी घेणार. गॅरेजमध्ये एक कोपरा ऑफरोडवाल्यांच्या गाड्या तयार करून द्यायला ठेवायचा, विंच बसवणं, सस्पेन्शन उचलणं, पावसाळा नसताना लोक तेच करून घेतात. चालवणार भाचा. वही कोणाकडे हा प्रश्न आला तेव्हा भावोजी म्हणाले माझ्याकडे द्या, पंचायतीत चाळीस वर्षं तेच केलंय.

ताईला घरी येऊन सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, चालवणार तोच ना अजून? हो म्हटल्यावर आत जाऊन चहा टाकला, पण फोन करून माझ्यावर ओरडली नाही अजून तरी.

हिशेबनीस ताई, तुमच्या वहीतले कॉलम कसे होते ते जमलं तर टाका इथे, भावोजी विचारतायत. आणि कोणाकडे जिप्सीचा मागचा ॲक्सल असेल, जुना चालेल पण सरळ पाहिजे, वेल्डिंग केलेला नको, तर मेसेज करा. मेस्त्री स्वतः बघायला येईल, त्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका.